मोठ्या क्रीडास्पर्धांचे प्रायोजक सोशल मीडिया कसा वापरतात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मैदानाच्या कडेला नाव झळकलं की काम झालं, असं समजून बऱ्याच कंपन्या प्रायोजकत्वाचे पैसे मोजतात. खरं तर त्या दिवसापासून काम सुरू होतं. पैसे देऊन मिळतो तो बोलण्याचा हक्क. तो हक्क कुठपर्यंत आहे आणि त्यात काय बोलायचं, हे ठरवण्याची जागा आज सोशल मीडिया आहे. पुढचे प्रश्न मुख्यतः आयपीएल आणि ऑलिम्पिक डोळ्यांसमोर ठेवून घेतले आहेत, कारण सगळे नियम आणि सगळ्या चुका तिथे ठळक दिसतात.

आम्ही ‘आयपीएलचे प्रायोजक’ असं लिहू शकतो का?

आधी पैसे कोणाला दिले ते पाहा. आयपीएलमध्ये प्रायोजकत्व विकणारे तीन वेगवेगळे मालक आहेत.

पहिला बीसीसीआय. स्पर्धेचं शीर्षक प्रायोजकत्व, म्हणजे स्पर्धेच्या नावाला आपलं नाव जोडण्याचा हक्क, आणि अधिकृत भागीदारी इथून मिळते. २००८ मध्ये डीएलएफ होतं. मग पेप्सी, व्हिवो, २०२० चा एक हंगाम ड्रीम इलेव्हन आणि २०२२ पासून टाटा. टाटांचा २०२४ ते २०२८ या पाच हंगामांचा करार २,५०० कोटी रुपयांचा आहे. दुसरा मालक म्हणजे संघ: जर्सीची छाती, पाठ, बाही, हेल्मेट या जागा फ्रँचायझी विकते. तिसरा प्रसारक. २०२३ ते २०२७ या पाच वर्षांचे प्रक्षेपणाचे हक्क ४८,३९० कोटींना गेले. प्रसारक आपल्या प्रक्षेपणाचे सहप्रायोजक वेगळे विकतो.

या तिघांचे हक्क एकमेकांत मिसळत नाहीत. संघाच्या बाहीवर नाव असलेली कंपनी ‘अमुक संघाची अधिकृत भागीदार’ असते, आयपीएलची नाही. प्रक्षेपणाच्या सहप्रायोजकाला कुठल्याही संघाचं बोधचिन्ह आपल्या पोस्टवर लावता येत नाही. पहिली नोटीस बहुतेक वेळा याच घोळातून येते. इन्स्टाग्रामच्या परिचयात कोणीतरी उत्साहाने ‘आयपीएल पार्टनर’ असं लिहिलेलं असतं आणि करार असतो एका संघाशी.

करारात सोशल मीडियाबद्दल काय काय लिहून घ्यावं?

‘डिजिटल हक्क समाविष्ट’ या तीन शब्दांवर कधीही समाधान मानू नका. त्याचा अर्थ दोन्ही बाजू वेगवेगळा लावतात. निदान एवढं तरी सुटं सुटं लिहून घ्या:

- तुम्ही स्वतःला नेमकं काय म्हणवू शकता, त्या पदनामाचा शब्दशः मजकूर, मराठी आणि हिंदी रूपासह
- संघाच्या खात्यावरून तुमच्यासाठी किती पोस्ट, किती स्टोरी, किती रील, आणि त्यातल्या किती कोलॅब पद्धतीच्या, म्हणजे दोन्ही खात्यांवर एकदम दिसणाऱ्या
- खेळाडू चित्रीकरणाला किती तास मिळणार, किती खेळाडू, आणि हंगामाआधी की मधे
- त्या पोस्टवर तुम्ही पैसे लावून जाहिरात चालवू शकता की नाही
- मजकूर मंजुरीला किती तास लागणार आणि तेवढ्यात उत्तर आलं नाही तर काय
- करार संपल्यावर जुन्या पोस्टचं काय

चौथा मुद्दा सगळ्यात जास्त विसरला जातो. संघाने तुमच्यासाठी सुंदर रील टाकली, पण तिला पैसे लावून पुढे ढकलण्याची परवानगी करारात नसेल, तर ती संघाच्या चाहत्यांपुरतीच राहते. तुमच्या गिऱ्हाइकापर्यंत पोचत नाही.

मंजुरीच्या तासांचंही तसंच. ४८ तासांची मंजुरी हंगामाआधीच्या जाहिरातीला चालते. सामन्याच्या रात्री तिचा उपयोग शून्य. म्हणून दोन वेगळ्या मुदती मागा: एरवी ४८ तास आणि सामन्याच्या दिवशी १५ ते ३० मिनिटं, तीही एका ठरलेल्या माणसाकडून, व्हॉट्सॲप गटावर.

संघ आमचा, मग त्यातल्या लोकप्रिय खेळाडूचा एकट्याचा फोटो का वापरता येत नाही?

कारण तुम्ही संघाशी करार केलात, त्या खेळाडूशी नाही. संघाच्या करारांत बहुधा अशी अट असते की ठरावीक संख्येने, साधारण तीन किंवा चार खेळाडू, संघाच्या पोशाखात एकत्र दिसले पाहिजेत आणि कोणालाही इतरांपेक्षा मोठं दाखवायचं नाही. एकट्याचा चेहरा ही वेगळी विक्री असते. ती खेळाडूच्या व्यवस्थापन कंपनीशी होते. शिवाय तो खेळाडू तुमच्याच क्षेत्रातल्या दुसऱ्या कंपनीचा चेहरा असू शकतो.

पोस्टर करणाऱ्या मुलांसाठी एक बारीक पण महागडी गोष्ट. लिलावात खेळाडू संघ बदलतात आणि जर्सीवरचे प्रायोजकही बऱ्याचदा बदलतात. इंटरनेटवरून उचललेल्या फोटोत खेळाडू गेल्या हंगामाच्या जर्सीत असतो आणि छातीवर तुमच्या प्रतिस्पर्ध्याचं नाव असतं. मोबाइलच्या पडद्यावर ते पटकन दिसत नाही. फक्त संघाने चालू हंगामासाठी दिलेल्या फोल्डरमधलेच फोटो वापरायचे, आणि पाठवण्याआधी फोटो दोनशे टक्के मोठा करून बाही आणि कॉलर तपासायची.

सामन्यातला षटकार किंवा विकेटची क्लिप टाकली तर?

नाही. प्रायोजक असलात तरी नाही. सामन्याचं चित्रण प्रक्षेपणाच्या हक्कांत जातं आणि ते हक्क प्रायोजकत्वाबरोबर येत नाहीत. टीव्हीच्या पडद्याचा मोबाइलने घेतलेला व्हिडिओही त्यातच मोडतो. ‘फक्त सहा सेकंद’ म्हणून सुटका होत नाही. क्लिप हवीच असेल तर प्रसारकाशी किंवा मंडळाशी वेगळा करार होतो.

म्हणूनच प्रायोजकांच्या चांगल्या पोस्ट खेळाच्या आजूबाजूच्या असतात: सराव, बसमधून उतरणारे खेळाडू, प्रेक्षकांची तोंडं, धावसंख्येचं चित्र, ॲनिमेशन. २००९ मध्ये आयपीएलचा दुसरा हंगाम दक्षिण आफ्रिकेत झाला तेव्हा व्होडाफोनच्या जाहिरातींतल्या झूझू या पांढऱ्या पात्रांनी खेळाचं एकही दृश्य न दाखवता हंगाम गाजवला. त्या जाहिरातींना यूट्यूब-फेसबुकवर स्वतःचे चाहते मिळाले. ही वाट आजही खुली आहे.

गाण्यांचंही लक्षात ठेवा. इन्स्टाग्रामवर वैयक्तिक खात्याला जी गाणी मिळतात, ती व्यवसायाच्या जाहिरातीला चालत नाहीत. चित्रपटातलं गाणं लावलेली रील मूक होते, उतरवली जाते किंवा संगीत कंपनीचं बिल येतं. व्यावसायिक वापरासाठी मोकळं संगीत घ्या किंवा ढोल-ताशाचं पथक अर्ध्या दिवसासाठी बोलावून स्वतःचं ध्वनिमुद्रण करा. दुसरा पर्याय महाराष्ट्रात तरी सोपा आणि कितीतरी जिवंत वाटणारा आहे.

सामन्याच्या संध्याकाळी प्रायोजकाची टोळी नेमकं काय करते?

बाहेरून वाटतं की हे लोक सामना पाहतात आणि सुचेल ते टाकतात. प्रत्यक्षात ऐंशी टक्के मजकूर दुपारीच मंजूर होऊन पडलेला असतो.

रात्रीच्या सामन्याची नाणेफेक सातला आणि खेळ साडेसातला. दुपारी चारपर्यंत निकालाचे साचे तयार हवेत: आपण जिंकलो, हरलो, पाऊस, सुपर ओव्हर. व्यक्तिगत कामगिरीचेही: अर्धशतक, शतक, पाच बळी, हॅटट्रिक. प्रत्येक साच्यात नाव आणि आकडा भरायची जागा मोकळी. हरल्यावरचा साचा आळसाने टाळला जातो आणि मग रात्री अकराला चाहते चिडलेले असताना कोणीतरी विनोद करायला जातं. तो साचा सगळ्यात आधी लिहा.

पोस्ट टाकायच्या जागाही ठरलेल्या असतात. चेंडू पडत असताना कोणी फोन पाहत नाही. लोक फोन उघडतात ते नाणेफेकीनंतरच्या अर्ध्या तासात, स्ट्रॅटेजिक टाइम आउटमध्ये आणि दोन डावांच्या मधल्या वीस मिनिटांत. प्रत्येक डावात अडीच मिनिटांचे दोन टाइम आउट असतात. क्षेत्ररक्षण करणाऱ्या संघाचा सहाव्या ते नवव्या षटकांच्या दरम्यान आणि फलंदाजी करणाऱ्यांचा तेराव्या ते सोळाव्या षटकांच्या दरम्यान. या विश्रांतीचं प्रायोजकत्वच सिएट या टायर कंपनीने २०१५ मध्ये घेतलं. खेळ थांबलेला असताना नजर मोकळी असते, हे त्यामागचं गणित.

टेबलावर किमान चार माणसं लागतात. एक सामना पाहून काय झालं ते सांगणारा, एक चित्र करणारा, एक मजकूर लिहिणारा, एक मंजुरी देणारा. टिप्पण्यांना उत्तर द्यायला पाचवा मिळाला तर उत्तम. लिहिणाऱ्याने स्वतः मंजुरी द्यायची नाही, हा नियम मोडला की त्याच रात्री चूक होते.

ठरलेल्या चुका अशा: पंचांनी बोट वर केलं म्हणून विकेटची पोस्ट गेली आणि तिसऱ्या पंचाने निर्णय फिरवला. ९९ वर असताना शतकाची पोस्ट गेली. खेळाडूच्या नावाचं देवनागरी लेखन दोन पोस्टमध्ये दोन तऱ्हेचं झालं. पहिल्या दोन्हींवर उपाय एकच: मैदानातल्या मोठ्या पडद्यावर निर्णय आणि आकडा दिसल्याशिवाय बटण दाबायचं नाही. तीस सेकंद उशीर झाल्याने कोणाचंही काही बिघडत नाही. तिसऱ्यासाठी हंगामाच्या सुरुवातीला पूर्ण संघाची नावं एका कागदावर लिहून भिंतीला चिकटवा.

उभ्या व्हिडिओचं माप १०८० गुणिले १९२०. त्यात वरचे साधारण १४ टक्के आणि खालचे ३५ टक्के मोकळे ठेवा, कारण तिथे ॲपची बटणं आणि मजकूर येतो. कित्येक प्रायोजक स्वतःचं बोधचिन्ह तळाशी ठेवतात आणि ते नेमकं ‘लाइक’च्या ओळीखाली गडप होतं. ज्यासाठी पैसे दिले तेच दिसत नाही.

आम्ही प्रायोजक नाही. तरी अभिनंदनाची पोस्ट टाकली तर काय बिघडलं?

हा प्रश्न सर्वाधिक येतो, आणि विचारणारे बहुतेक प्रामाणिक असतात.

प्रायोजक नसताना स्पर्धेच्या लाटेवर स्वार होण्याला अँबुश मार्केटिंग म्हणतात. याचं भारतातलं गाजलेलं उदाहरण सोशल मीडियाच्या आधीचं आहे. १९९६ च्या क्रिकेट विश्वचषकाचं अधिकृत शीतपेय कोका-कोला होतं आणि पेप्सीने ‘यात अधिकृत काहीच नाही’ या अर्थाची इंग्रजी ओळ घेऊन सगळं लक्ष खेचून नेलं. त्यात स्पर्धेचं नाव किंवा चिन्ह वापरलेलं नव्हतं, हे महत्त्वाचं. दुसरं टोक २०१० चं: जोहान्सबर्गला नेदरलँड्स आणि डेन्मार्कच्या फुटबॉल सामन्यात एका बिअर कंपनीचे नारिंगी पोशाख घातलेल्या ३६ तरुणींना मैदानाबाहेर काढलं गेलं. पोशाखावर ठळक नावही नव्हतं.

सोशल मीडियावर रेषा आणखी पातळ आहे. टोकियो ऑलिम्पिकमध्ये बॅडमिंटनपटू पी. व्ही. सिंधूने कांस्य जिंकलं तेव्हा अनेक ब्रँडनी तिचं नाव-फोटो आणि आपलं बोधचिन्ह असलेल्या अभिनंदनाच्या पोस्ट टाकल्या. तिच्या व्यवस्थापन कंपनीने त्यांना कायदेशीर नोटिसा पाठवल्या. जाहिरातींचं स्वनियमन करणाऱ्या एएससीआयनेही परवानगीविना असा वापर आपल्या संहितेत बसत नाही, असं सांगितलं. मुद्दा सरळ आहे. खेळाडूचं नाव आणि चेहरा ही तिची कमाई आहे. आयुष्यभर ती सरावाला जाते आणि तिच्या पदकाच्या दिवशी तिच्या चेहऱ्याशेजारी फुकटात आपलं बोधचिन्ह लावणं योग्य नाही, कायद्याची भीती नसली तरी.

मग काय करता येतं? मालकाने स्वतःच्या वैयक्तिक खात्यावरून, व्यवसायाचं नाव-चिन्ह-सवलत काहीही न जोडता, शब्दांत अभिनंदन करावं. दुकानाच्या खात्यावरून खेळाविषयी सर्वसाधारण बोलता येतं: सामन्याच्या रात्री दुकान किती वाजेपर्यंत उघडं, भेळ-वडापाव घरपोच मिळेल का. स्पर्धेचं नाव, चषकाचं चित्र, संघाचं चिन्ह, खेळाडूचा चेहरा आणि अधिकृत हॅशटॅग हे पाच टाळलेत तर बहुतेक धोका टळतो. ‘आजच्या मॅचला’ एवढं म्हटलं तरी गिऱ्हाइकाला कळतं.

ऑलिम्पिकचे नियम इतके कडक का?

कारण तिथे मैदानात जाहिरातच नसते. ऑलिम्पिक सनदेच्या नियम ५० मुळे स्पर्धास्थळावर प्रायोजकांचे फलक लागत नाहीत. जागतिक प्रायोजकाला मिळतं ते मुख्यतः मैदानाबाहेर, म्हणजे दुकानात, टीव्हीवर आणि फोनवर. तेवढ्यासाठी तो प्रचंड रक्कम देतो, म्हणून तेवढं जपलं जातं.

नियम ४० खेळाडूंविषयी आहे. खेळांच्या काळात खेळाडूने आपलं नाव, चित्र किंवा कामगिरी जाहिरातीसाठी वापरू देण्यावर पूर्वी जवळजवळ बंदी होती. २०१२ ला लंडनमध्ये खेळाडूंनीच सोशल मीडियावर त्याविरुद्ध मोहीम केली. पुढे नियम सैल होत गेले आणि २०१९ मध्ये मजकूरच बदलला. आता वैयक्तिक प्रायोजकांना अटींसह जागा आहे, पण ऑलिम्पिकची पाच वर्तुळं, पदक, संघाचा पोशाख आणि स्पर्धेचं नाव अजूनही बाहेरच. पॅरिसवेळी हा संरक्षित काळ १८ जुलै ते १३ ऑगस्ट २०२४ होता. १ ऑगस्टला कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्य जिंकलं ते याच काळात. अशा दिवशी गावाचा आनंद फलकावर आणि स्टेटसवर उमटणारच, आणि उमटावाच. फक्त त्या चित्रात पाच वर्तुळं आणि सराफी पेढीचं चिन्ह एकत्र आलं, की ती जाहिरात झाली.

याच पॅरिसमध्ये सॅमसंगने काय केलं ते नीट पाहण्यासारखं आहे. प्रत्येक खेळाडूला फोन दिला आणि पदक-मंचावर उभं राहून स्वतःचा फोटो घेण्याची सोय आयोजकांकडून मिळवली. एरवी मंचावर फोन नेता येत नसे. टेबल टेनिसच्या मिश्र दुहेरीत दक्षिण आणि उत्तर कोरियाचे खेळाडू एका चौकटीत आले आणि तो फोटो जगभर फिरला. फलक नाही, घोषवाक्य नाही. आपलं उत्पादन त्या क्षणात खरोखर उपयोगी पडेल अशी जागा शोधली, एवढंच.

रील करणाऱ्या क्रिएटरना बोलावलं तर कोणते नियम लागतात?

पैसे दिले असोत, तिकीट दिलं असो किंवा जर्सी भेट दिली असो, पोस्टवर ती जाहिरात आहे हे लिहावं लागतं. एएससीआयचे हे नियम जून २०२१ पासून लागू आहेत. १५ सेकंदांपर्यंतच्या व्हिडिओत ती सूचना किमान ३ सेकंद दिसली पाहिजे, त्याहून मोठ्या पण दोन मिनिटांपेक्षा कमी व्हिडिओत एक तृतीयांश वेळ, आणि त्याहून लांब असेल तर उत्पादनाचा उल्लेख असलेल्या पूर्ण भागात. मराठी व्हिडिओवर ‘जाहिरात’ किंवा ‘सशुल्क भागीदारी’ असं मराठीत लिहिलेलं चालतं. तीस हॅशटॅगांच्या ढिगात शेवटी टाकलेलं चालत नाही.

दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण पहिल्या वेळी १० लाखांपर्यंत आणि पुढे ५० लाखांपर्यंत दंड करू शकतं. तो कंपनीला होतो तसाच जाहिरात करणाऱ्या चेहऱ्यालाही.

तिकिटं जिंका, जर्सी जिंका अशा स्पर्धा घ्यायच्या आहेत.

करारातून मिळालेली तिकिटंच द्या. बाजारातून विकत घेतलेलं तिकीट बक्षीस म्हणून देणं बहुतेक मोठ्या स्पर्धांच्या तिकिटाच्या अटींतच मना असतं आणि विजेता फाटकावर अडतो. १०,००० रुपयांहून जास्त किमतीच्या बक्षिसावर ३० टक्के उद्गम करकपात (टीडीएस) लागते. बक्षीस वस्तूरूपात असेल तर कर आधी भरल्याशिवाय ते हातात देऊ नका. हा कर कोण भरणार ते नियमावलीत लिहा, नाहीतर दुचाकी जिंकलेला माणूस आनंदाऐवजी हिशेब घेऊन येतो. फेसबुकवर ‘स्वतःच्या टाइमलाइनवर शेअर करा आणि जिंका’ ही अट घालता येत नाही. निकाल जाहीर करा, सगळ्यांना दिसेल असा. तो दडवणं ग्राहक कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा ठरतं.

मराठीत वेगळा मजकूर करण्याइतका फरक पडतो का?

पडतो. २०२३ पासून आयपीएलचं मराठी समालोचन डिजिटलवर आहे, म्हणजे प्रेक्षक सामनाच मराठीत ऐकतोय. पण इंग्रजी ओळीचं भाषांतर पाठवू नका. ‘खेळ अनुभवा’ असं कोणी कट्ट्यावर म्हणत नाही. ‘काय हाणलाय!’, ‘दांडी गुल’ असं म्हणतात. नागपूर, कोल्हापूर आणि मुंबईची बोली एकाच मजकुरात कोंबायची नाही. एक निवडा. गोव्यासाठी फुटबॉलवरची पोस्ट असेल तर ती कोंकणी लिहिणाऱ्याकडूनच करून घ्या.

प्रायोजकत्वाच्या रकमेशिवाय सोशल मीडियाला किती पैसे वेगळे ठेवावेत?

या धंद्यातला ठोकताळा असा की हक्कांवर एक रुपया खर्च केला, तर ते लोकांपर्यंत नेण्यासाठी आणखी किमान एक रुपया लागतो. सगळा सोशल मीडियावर नव्हे. त्यात चित्रीकरण, दुकानातली मांडणी, टीव्ही आणि डिजिटल सगळं आलं. तालुक्याच्या कबड्डी स्पर्धेसाठी एकूण ५०,००० काढून ठेवणाऱ्या हार्डवेअरच्या दुकानदारालाही हेच लागू आहे. निम्म्यात फलक आणि चषक, आणि उरलेल्या निम्म्यात एक चांगला कॅमेरावाला व आसपासच्या पंधरा किलोमीटरमध्ये चालणारी जाहिरात. प्रत्येक चढाईपटूचा नीट फोटो काढून त्याला पाठवा. तो स्वतःच स्टेटसला ठेवतो आणि त्याच्यामागे अख्खी वाडी.

कोणत्या उत्पादनांना हे दार बंद आहे?

तंबाखू आणि मद्य. सोडा, वेलची, संगीत-सीडीच्या नावाखाली केलेली छुपी जाहिरातही. आरोग्य खात्याने २०२५ च्या हंगामाआधी आयपीएलला याबद्दल स्पष्ट पत्र लिहिलं होतं. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने बंदी आली आणि त्यांची जाहिरात करणाऱ्यालाही तुरुंग व ५० लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. असे खेळ चालवणाऱ्या ड्रीम इलेव्हनचं नाव भारतीय क्रिकेट संघाच्या जर्सीवरून तेव्हाच उतरलं. सप्टेंबरमध्ये त्या जागी अपोलो टायर्स आलं.

ठरलेल्या पोस्ट कधी थांबवायच्या?

दुर्घटना, युद्धसदृश परिस्थिती, खेळाडूची गंभीर दुखापत, प्रेक्षकाचा मृत्यू. २०२५ मध्ये ९ मे रोजी आयपीएल आठवडाभर थांबली. ३ जूनला बेंगळुरूने पहिल्यांदा चषक जिंकला आणि दुसऱ्याच दिवशी चिन्नास्वामी मैदानाबाहेरच्या चेंगराचेंगरीत ११ जणांचा जीव गेला. त्या संध्याकाळी ज्यांच्या जल्लोषाच्या पोस्ट वेळ लावून ठेवलेल्या असतील, त्यांना त्या हाताने थांबवाव्या लागल्या असणार. यंत्राला बातमी कळत नाही. म्हणून प्रत्येक सामन्याआधी लिहून ठेवा: थांबवायचा अधिकार कोणाचा, त्याचा फोन लागला नाही तर दुसरा कोण, आणि पासवर्ड कुठे. पैसे लावलेल्या जाहिराती वेगळ्या पडद्यावरून बंद कराव्या लागतात. साध्या पोस्ट थांबवल्या आणि त्या तशाच चालू राहिल्या, असं सर्रास होतं.

करार संपल्यावर जुन्या पोस्ट काढायच्या का?

बहुतेक करारांत तारीख-वेळ लागलेली जुनी पोस्ट तशीच ठेवता येते, पण ती नव्याने शेअर करता येत नाही किंवा तिला पैसे लावता येत नाहीत. तरी तुमचा करार वाचाच. ज्या गोष्टी ‘आज’ दिसतात त्या मात्र शेवटच्या दिवशी रात्री बारापर्यंत उतरवा: परिचयातली ओळ, मुखपृष्ठाचं चित्र, पिन केलेली पोस्ट, स्टोरी हायलाइट, यूट्यूब वाहिनीचा फलक, व्हॉट्सॲप बिझनेसचा डीपी, ईमेलच्या तळाची पट्टी आणि चालू जाहिराती. शाखा आणि वितरकांची खातीही तपासा. मुख्य कार्यालयाचं खातं स्वच्छ होतं आणि दोन वर्षांनी जळगावच्या वितरकाच्या फेसबुक पानावर ‘अधिकृत भागीदार’ तसंच लटकत असतं.